त्याच्या नावावरचं आभाळ

सकाळी उठल्यावर ती आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची आणि मग आभाळाकडे. दोन्हीकडे बहुधा सारखीच परिस्थिती असायची. आभाळ छपरांपर्यंत खाली आलेलं, राखी, कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते न कळणारं. आणि नवरा टेबलाशी बसलेला, चहाच्या कपात तोंड घालून, अक्षर न बोलणारा. त्याच्यासमोर, पावाच्या डब्याला टेकवून, तिने जुळवलेला दिवा उभा असायचा. लाकडी फळीवर बसवलेल्या दोन लांब नळ्या आणि त्यांच्यामागे पांढरा पत्रा. त्या उजेडात त्याच्या गालावरचे खुंट वेगवेगळे दिसायचे.

"अजून थोडा वेळ बस," ती म्हणायची. "नळ्यांकडे टक लावू नकोस, पण तोंड तिकडे ठेव."

"ठेवलंय."

"कसं वाटतंय?"

"बरं."

हे 'बरं' ती दिवसभर बरोबर घेऊन फिरायची. कालच्यापेक्षा बरं, की नुसतंच बरं, की एकदाचा माझा पिच्छा सोड म्हणून बरं? विज्ञान शिकलेल्या माणसाला असल्या मोघम उत्तरांचा त्रास होतो. तिला तर विशेषच व्हायचा.

या गावात ते आले ते तिच्या नोकरीपायी. रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत, तीन वर्षांच्या करारावर. नवरा आला, नवऱ्याची आई आली, सामान आलं, आणि सगळ्यांच्या आधी पाऊस येऊन बसलेला होता. धो धो कोसळणारा पाऊस असता तर निदान तो थांबला तरी असता. इथला पाऊस नुसता असायचा. घरात कोणी दूरचा पाहुणा येऊन राहावा, जेवणाची वेळ विचारत नाही, जाण्याची गोष्ट काढत नाही, तसा. पाऊस नसेल तेव्हा पाऊस पडून गेल्यासारखं असायचं, आणि उरलेल्या वेळात पडणार असल्यासारखं.

आता करार संपत आला होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी तिला कायम करायचं ठरवलं होतं आणि शुक्रवारपर्यंत हो की नाही ते सांगायला सांगितलं होतं. नाही म्हणायचं तिच्या मनात जवळजवळ ठरलं होतं. कारणही तयार होतं: नवऱ्याला इथली हवा मानवत नाही.

तसं पाहिलं तर या गावात खोट काढायला जागा नव्हती. घर ऐसपैस, रस्ते स्वच्छ, शेजारी सभ्य, काम मनासारखं. तरी माणसं इथून जायची. कारखान्यात नवीन येणाऱ्यांतली निम्मीशिम्मी दोन-तीन वर्षांत गाशा गुंडाळायची. कुणी म्हणायचं आईवडील थकलेत, कुणी म्हणायचं मुलांची शाळा. आभाळाचं नाव कुणीच घ्यायचं नाही. चांगली नोकरी, चांगलं घर, आणि सोडून का चाललात, तर म्हणे ऊन पडत नाही. हे मोठ्या माणसाच्या तोंडी शोभत नाही. तब्येतीचं मात्र शोभतं. आणि स्वतःच्या नव्हे, घरातल्या माणसाच्या तब्येतीचं तर फारच.

पुरावा तिच्या मते भक्कम होता. रविवारी तो दुपार कलेपर्यंत झोपायचा. पूर्वी दाढी करताना शीळ घालायचा, ती बंद झाली होती. जेवताना बोलायचा नाही. त्याचं काम गळती शोधण्याचं आणि बुजवण्याचं. छपरं, गच्च्या, भिंतीतले नळ. म्हणजे दिवसभर भिजायचं, ओलं खरवडायचं, आणि संध्याकाळी जड बूट दारात काढून गप्प बसायचं. त्यात सासूबाई. त्या सकाळी डोळे उघडल्यापासून पावसाला नावं ठेवायच्या. गुडघे, पापड झालेली बोटं, ओलं पायपुसणं, बुरशी धरलेली चामडी पिशवी, सगळ्याची जबाबदारी त्या एकट्या पावसावर टाकायच्या.

ती स्वतः ठीक होती. म्हणजे तिला तसं वाटायचं. घरभर दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि त्यांच्यावर कपडे वाळत असायचे, किंवा न वाळत असायचे. ती ते उलटवत राहायची. मोजे इकडचे तिकडे, शर्ट तिकडचा इकडे. मग खिडकीची काच पुसायची. मग कपाट भिंतीपासून ओढून मागे बुरशी आली का बघायची, आणि आली नसली तरी पुसायची. पुस्तक घेऊन बसली की दोन पानांनंतर उठायची आणि आपण कशासाठी उठलो ते आठवत उभी राहायची. एका जागी बूड टेकत नव्हतं. काळजी, ती स्वतःला सांगायची. घरात माणूस असं कोमेजत असताना कोणाला स्वस्थ बसवेल?

*

प्रयोगशाळेतही तेच. तिचं काम रंग जुळवण्याचं. कारखान्यात रंगाचा प्रत्येक नवा घाणा तयार झाला की त्यातला थोडा पुठ्ठ्यावर फासून वाळवायचा आणि तो मूळ नमुन्याशेजारी धरून बघायचा. यंत्र आकडे द्यायचं. पण शेवटचा शब्द डोळ्यांचा. बघायचं दोन ठिकाणी: उत्तरेच्या मोठ्या खिडकीत आणि प्रकाशपेटीत. प्रकाशपेटी म्हणजे आतून करड्या रंगाची, समोरून उघडी पेटी, आणि तिच्या छताला दिवसाच्या उजेडाशी मिळताजुळता उजेड देणाऱ्या दोन नळ्या.

गंमत अशी की रंग पारखायला ढगाळ आभाळासारखा उजेड नाही. ऊन रंगांची खुशामत करतं, सावल्या पाडतं, तासातासाला सूर बदलतं. ढग सगळीकडून सारखा उजेड देतात आणि कुणाची बाजू घेत नाहीत. पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी तिला त्या खिडकीशी नेलं होतं आणि म्हटलं होतं की हे गाव खास आपल्या धंद्यासाठी घडवलेलं आहे. ते खरंच होतं. इतक्या चांगल्या उजेडात तिने कधी काम केलं नव्हतं. त्या उजेडात तिला राखाडीच्या छटा अशा वेगवेगळ्या दिसायच्या, जशा इतरांना लाल आणि हिरवा दिसतो. आणि त्या दिसायच्या म्हणूनच, घरी जातानाही, रस्त्यावर, पुलावर, बसच्या काचेतून त्या दिसतच राहायच्या.

तिच्या जोडीला काम करणाऱ्याला सगळे भोंगा म्हणायचे. त्याने कुजबुजल्यावरही डब्यांची झाकणं हलायची. जिभेला हाड नव्हतं, पण डोळा पक्का होता.

"ताई, तुमच्या पायांना चाकं लावून देऊ का?" तो एकदा म्हणाला. "फरशी तरी झिजायची नाही."

ती हसली आणि परत खिडकीपाशी गेली.

आता त्या नळ्यांचं. पेटीतल्या नळ्या ठरावीक तास जळल्या की बदलायच्या असतात. विझत नाहीत, चांगल्या भगभगीत दिसतात. पण त्यांच्या उजेडातला निळा भाग हळूहळू कमी होतो आणि डोळ्याला ते कळत नाही. बदलायचं काम तिचं होतं. नव्या नळ्या आल्या तेव्हा त्यांचं खोकं हातात घेऊन ती पेटीसमोर उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांसमोर नवऱ्याचं चहाच्या कपातलं तोंड आलं. तेजस्वी उजेडासमोर रोज बसलं तर अशा हवेत माणसाला बरं वाटतं, हे तिने वाचलं होतं. या नळ्या त्यासाठी पुरेशा तेजस्वी नाहीत हेही तिला माहीत होतं. तरी तिने ते खोकं घरी नेलं. दुसऱ्या मागवू, आल्या की लावू, तोवर खिडकी आहेच, असा हिशेब. तिचे सहकारी तिला काटेकोर म्हणायचे, आणि काटेकोर माणूस एकदाच नियम मोडतो तेव्हा त्याला वाटतं की आपण मोडतोय म्हणजे तसंच काही कारण असणार.

दुसऱ्या नळ्या यायला उशीर झाला. मधल्या काळात तिने एक दिवस रजा घेऊन नवऱ्याला डॉक्टरकडे नेलं. तो गेला. डॉक्टरांनी नाडी बघितली, छाती ऐकली, झोप कशी म्हणून विचारलं, तो म्हणाला उत्तम. डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि परतताना दोघं बसथांब्यावर एका छत्रीत उभे राहिले. तो म्हणाला, आज एक काम बुडलं. ती म्हणाली, तब्येतीपेक्षा काम मोठं नाही. त्यावर त्याने तिच्याकडे बघितलं आणि छत्री तिच्या बाजूला जरा जास्त कलती केली.

त्याच दिवशी प्रयोगशाळेत फिकट निळसर राखाडी रंगाचा घाणा पारखायला आला होता. त्यात यावेळी नव्या व्यापाऱ्याकडची निळी भुकटी होती. बाहेर भर दुपारी दिवेलागणीसारखं झालं होतं, खिडकीचा उपयोग नव्हता. यंत्राने थोडा फरक दाखवला, पण भोंग्याने पेटीत बघितलं, नमुन्याशी एकजीव दिसलं, आणि डबे गेले.

*

बुधवारी वाचनालयातून फोन आला. तिथल्या मोठ्या दालनाची भिंत गळतीने खराब झाली होती. गळती बुजवून आता ती रंगवत होते. अर्धी आधीच्या डब्यांतल्या रंगाने झाली, उरलेली नव्या डब्यांतून. आणि आता भिंत फाटल्यासारखी दिसते आहे, येऊन बघा, असं म्हणणं होतं. मोठ्या बाईंनी तिला आणि भोंग्याला पाठवलं.

दालन उंच होतं. खिडक्यांतून तोच करडा, निष्पक्ष उजेड येत होता आणि त्यात काही लपायला वाव नव्हता. खिडकीपासून मध्यापर्यंत भिंत निळसर होती आणि तिथून दारापर्यंत जांभळट. दोन सख्खे भाऊ वाटणी होऊन आपापल्या हद्दीत उभे राहावेत, तशा दोन्ही बाजू उभ्या होत्या. वाचायला बसलेली म्हातारी माणसं वर्तमानपत्राच्या कडेवरून आधी भिंतीकडे आणि मग या दोघांकडे बघत होती.

भोंग्याने नमुन्याचे पुठ्ठे भिंतीला लावले, काढले, परत लावले. मग तो तिच्या कानाशी आला. त्याची कुजबुज दालनभर ऐकू गेली.

"ताई, पेटीत दोन्ही एकच दिसत होते. मी तीन-तीनदा बघितलं."

त्याने पेटी म्हटलं आणि तिला सगळं कळलं. भुकटी वेगळी, उजेड उतरलेला. जुन्या नळ्यांखाली जे दोन रंग जुळे वाटतात ते खऱ्या उजेडात परके होतात. हे तर तिने स्वतः नवीन पोरांना शिकवलं होतं. तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मागच्या अंगणातून मोठ्याने हसणं ऐकू आलं.

ते हसणं तिच्या ओळखीचं होतं, पण फार दिवसांत ऐकलेलं नव्हतं. ती खिडकीशी गेली.

मागच्या बैठ्या छपरावर तिचा नवरा होता. वाचनालयाचं काम आठवडाभर चालू आहे हे त्याने घरी सांगितलं होतं. ती विसरली नव्हती, फक्त तिने ते काम असं डोळ्यांसमोर आणलं नव्हतं. कमरेला दोर, डोक्यावर पावसाळी टोपी, हातात थापी. खाली शिडी धरून पहारेकरी उभा होता आणि छत्री धरून ग्रंथपाल बाई, आणि दुसऱ्या हातात त्यांनी त्याच्यासाठी चहाचा कप धरला होता. झिरमिर चालू होती. तो वरून गोष्ट सांगत होता. कुणीतरी एक गृहस्थ, भिंतीला ओल येते म्हणून वर्षभर शेजाऱ्याशी भांडले, वकील केला, बोलणं बंद केलं. आणि शेवटी त्याने भिंत फोडून दाखवलं तर गळका नळ त्यांच्याच न्हाणीघरातला.

"मग काय म्हणाले?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

"म्हणाले, बुजवा, पण शेजाऱ्याला सांगू नका."

तिघंही हसले. पहारेकऱ्याने हसता हसता शिडी हलवली तशी नवऱ्याने त्याला वरून दोन शिव्या दिल्या, आणि मग थापी फिरवता फिरवता तो शीळ घालायला लागला.

तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. उलट, गर्दीत आपला हात धरून चाललेलं माणूस बघावं आणि तो हात भलत्याचाच निघावा, तसं तिला झालं. तिला राग आला, कुणाचा ते कळेना. इतके दिवस सकाळ-संध्याकाळ ती ज्या माणसाच्या उदासीची देखभाल करत होती, तो छपरावर उभा राहून पावसात मजेत भिजत होता. त्याला इथली हवा मानवत होती. मग शुक्रवारी मोठ्या बाईंना काय सांगायचं?

हा प्रश्न मनात आला आणि तिने खिडकीची कड धरली. कारण तिला कळलं की आपल्याला 'हो' सांगायला आता काहीच आडकाठी नाही, आणि 'हो' सांगायचं या नुसत्या कल्पनेने आपले तळवे गार पडलेत.

"ताई, बसता का जरा?" भोंगा म्हणाला.

"नको," ती म्हणाली. "चल आधी कारखान्यात."

*

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. नळ्या बदललेल्या नाहीत, त्या माझ्या घरी आहेत, चूक माझी आहे, त्याची नाही. एवढं तिने एका दमात सांगितलं.

"दोन्ही घरी आहेत?"

"दोन्ही."

"घरी काय रंगवतेस?"

तिने सांगितलं. नवरा, हवा, उजेड. सांगताना ते तिच्याच कानांना खुळचट वाटलं.

मोठ्या बाई याच गावात जन्मलेल्या. त्यांना ऊन पडलं की डोकं दुखायचं आणि वर्षातून दोनदा त्या तसं सांगायच्याही. त्यांनी चष्मा काढून पुसला. भिंत कारखान्याच्या खर्चाने परत रंगवायची, त्या म्हणाल्या. नळ्या उद्या सकाळी इथे हव्यात. आणि हे आधी त्या पोराला सांगायचं होतंस, मग मला. शुक्रवारचं तसंच आहे. "चूक करून ती सांगणारी माणसं मला चालतात. पण तुझ्या नवऱ्याचं मला समजलं नाही. माझी गच्ची त्यानेच केली. दोन दिवस वर शीळ घालत होता, शेवटी मीच म्हटलं, बाबा रे, दुसरं काही गाणं येतं का. त्याच्या तब्येतीला काय झालंय?"

"नळ्या उद्या सकाळी आणते," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

भोंगा डबे धुण्याच्या मोरीशी उभा होता. तिने सांगितलं तेव्हा तो तिला वाटलं तसा भडकला नाही. हात पुसत राहिला.

"मी माझ्या डोळ्यांचा डॉक्टर शोधत होतो," तो म्हणाला. आवाज इतका खाली की तिला पुढे वाकावं लागलं. "वाचनालयातून येताना बसमध्ये ठरवत होतो, बायकोला सांगायचं की नाही. डोळे गेले तर मी दुसरं काय करणार, ताई?"

तिने माफी मागितली. तो म्हणाला, असू दे. पण त्या संध्याकाळी निघताना त्याने तिला रोजच्यासारखी हाक मारली नाही.

*

घरी येऊन तिने ओला कोटही काढला नाही, आधी दिवा टेबलावर आडवा केला आणि नळ्या सोडवायला लागली. सासूबाई चप्पल घालून वरच्या मजल्यावर निघाल्या होत्या. तिथे चार बायका जमून रोज संध्याकाळी पत्ते कुटायच्या.

"मोडला का दिवा?" त्यांनी विचारलं.

"परत द्यायचाय. आई, एक विचारू? तुम्हाला इथं अजिबात आवडत नाही ना? हा पाऊस."

"मेल्याने वीट आणलाय."

"मग इथून जायचं झालं तर?"

सासूबाई दारात थबकल्या. "कुठे जायचं? का?"

"तुम्हीच तर रोज म्हणता."

"म्हणते, मग? वरच्या तिघीही म्हणतात. आम्ही नवख्या भेटलो तेव्हा दुसरं बोलणार काय होतो एकमेकींशी? ती जिन्यात म्हणाली, काय बाई हा पाऊस, मी म्हटलं, बघा ना. तिथून पत्त्यांपर्यंत आलो. तिकडे होतो तेव्हा लख्ख ऊन, आणि दिवसभर दाराला कडी. कुणाला नावं ठेवू, भिंतींना?" त्यांनी पदर नीट केला. "तुझं काहीतरी बिनसलंय. येताना मला कोपऱ्यावरून मलम आणलंस का?"

मलम तिने आणलं नव्हतं. सासूबाई त्यावरही पावसाला बोल लावून वर गेल्या.

नवरा आला तेव्हा नळ्या खोक्यात गेल्या होत्या. त्याने बूट काढले, टेबलाकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती लपवायला त्याला जमलं नाही.

"सुटलास," ती म्हणाली.

"तसं नाही. तू एवढं मनावर घेतलं होतंस म्हणून बसायचो."

"आज वाचनालयात होते मी. खिडकीत. तू छपरावर होतास."

"मग हाक नाही मारलीस?"

"तू शीळ घालत होतास. घरी का नाही घालत?"

तो खुर्चीवर बसला आणि मोजे उलटे करून ओढायला लागला. "घरी शीळ घातली की तू येऊन विचारतेस, काय झालं. नाही घातली की विचारतेस, कसं वाटतंय. जेवताना काही बोललो की तू ते तपासून बघतेस. मग मी आपला गप्प बसतो. रविवारी झोपतो कारण आठवडाभर छपरं चढतो. मी पन्नाशीला आलोय गं, दमतो."

"म्हणजे तुला इथं आवडतं."

"तिकडे वर्षातले आठ महिने मला कुत्रं विचारत नव्हतं. इथं माणसं दारात उभी राहून वाट बघतात. गाडी घ्यायची म्हणत होतो, माझी अवजारं राहतील अशी. तुझी नोकरी पक्की झाली की सांगणार होतो." त्याने मोजे दोरीवर टाकले. "शुक्रवारी हो म्हणणार आहेस ना?"

ती उठली. कपाटाकडे गेली, परत आली. टेबलावरचं खोकं सरळ केलं. त्याने तिला दोनदा इकडून तिकडे जाऊ दिलं.

"काय सांगणार होतीस त्यांना?" त्याने विचारलं.

"नाही म्हणणार होते. तुला हवा मानवत नाही म्हणून."

तो बोलला तेव्हा त्याचा आवाज चढलेला नव्हता, पण तिने तो तसा कधी ऐकला नव्हता. "म्हणजे आपण इथून गेलो असतो, आणि जन्मभर मी ऐकलं असतं की तुझ्यासाठी एवढी नोकरी सोडली. मला डॉक्टरकडे नेलंस. मी गेलो. त्या दिव्यासमोर मी खुळ्यासारखा बसलो. तुला नको असेल तर 'मला नको' म्हण. मग मी तुझ्यावर चिडू तरी शकेन. पण माझ्या नावावर बिल फाडू नकोस."

तिला म्हणायचं होतं की मी खरंच काळजी करत होते. ते खोटं नव्हतं. पण ते आधी सांगितलं तर दुसरं सांगायचं राहून जाईल, हे तिला आता कळत होतं. आणि दुसरं सांगणं इतकं हास्यास्पद होतं. शिकलेली बाई, डोकं ताळ्यावर असलेली, चांगलं काम आणि चांगली माणसं लाभलेली.

"मला नको," ती म्हणाली. "मला इथं राहवत नाही. काम आवडतं. मोठ्या बाई आवडतात. पण सकाळी डोळे उघडले की मला वाटतं, कुणीतरी झाकण लावून गेलंय. मी दिवसभर ते उचलत असते. मी वेडी झाले तर झाले, पण मला ऊन पाहिजे. तुला नाही, आईंना नाही. मला."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून असेल. मला वाटायचं तुझ्यामुळे आहे."

तो चिडला. शकेन म्हणाला होता तसा, खरोखर चिडला. उठून स्वयंपाकघरात गेला आणि भांडी घासायला लागला, घासलेलीसुद्धा. ती जिथे होती तिथेच खुर्चीवर बसून राहिली. भांड्यांचा आवाज ऐकताना तिला भीती वाटत होती, लाजही वाटत होती, पण उठून काही सारखं करावं असं वाटत नव्हतं.

बऱ्याच वेळाने तो दारात आला. हात ओले होते.

"घेतलेली कामं मी अर्धी टाकून येणार नाही. वाचनालयाचं, शाळेचं, आणि त्या बेकरीवाल्याचं. लोकांनी विश्वासाने दिलीत."

"नको टाकूस."

"म्हणजे तुला पुढे एकटीला जावं लागेल. मी मागून येईन. येईन का, तेही आज विचारू नकोस."

"नाही विचारत."

"आणि आईला तू सांगायचं. मी नाही सांगणार. तिचे पत्ते सुटणार आहेत, माझ्या तोंडून नाही सुटायचे."

ती उठली. अंगावर अजून ओला कोट होता. तो तिने काढला आणि जिना चढून वर गेली. दाराआडून चार बायकांचा एकदमच बोलण्याचा आवाज येत होता. कोणीतरी कोणाला तरी डाव चोरल्याचं सिद्ध करत होतं. तिने दार वाजवलं. वरच्या काकूंनी उघडलं आणि तिला आत बोलावलं, पण ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"आई, जरा पत्ते खाली ठेवता का? मला काही सांगायचंय."

सासूबाईंनी पत्त्यांवरून मान वर केली. "काय झालं? त्याला बरं नाही का?"

"तो ठीक आहे," ती म्हणाली. "माझं आहे."

सासूबाईंनी हातातला डाव उपडा घातला आणि शेजारची खुर्ची मागे ओढली.